चौथ्या दिवशीचे पीक

बुधवार पेठेत शेत नाही. अप्पा बळवंत चौकातून जोगेश्वरीपर्यंत चालत गेले, तर उघडी माती दिसते ती एखाद्या वाड्याच्या उरल्यासुरल्या अंगणातल्या तुळशीवृंदावनापुरती. तरी पेठेच्या नकाशावर दोन बागा अजून आहेत: तुळशीबाग आणि बेलबाग. पहिलीत आता भांडी, बांगड्या आणि देवांचे दागिने मिळतात. दुसरीत नाना फडणवीसांचे विष्णुमंदिर आहे. याच पेठेत टापकीर गल्लीच्या बाजूला विजेच्या सामानाच्या दुकानांच्या रांगा आहेत, आणि अप्पा बळवंत चौकात राज्यभरातून आलेली मुले दुकानांच्या फळ्यांपुढे उभी राहून स्पर्धा परीक्षांची पुस्तके चाळत असतात. त्यातली बरीचशी शेतकऱ्यांच्या घरची. त्यांच्यातल्या काहींच्या फोनमध्ये मी शेत पाहिले आहे. वाफे पाडलेले, बुजगावणे लावलेले, कुंपण घातलेले हिरवेगार शेत.

हा लेख त्या शेताविषयी आहे. शेती मागे ठेवून शहरात आलेल्या मुलाला शेतीचाच खेळ का खेळावासा वाटतो? ‘गावाची ओढ’ हे उत्तर तयार असते आणि ते अगदी खोटेही नाही. पण पुणे प्रांताच्या शेतीचा गेल्या चारशे वर्षांचा इतिहास समोर ठेवला, तर मला दुसरे उत्तर अधिक पटते. ते उत्तर हिरवळीपेक्षा हिशेबाशी संबंधित आहे.

आधी खेळाची ओळख करून द्यायला हवी. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष जपानी. यासुहिरो वादा हे क्युशू बेटावरच्या मियाझाकी प्रांतातून टोकियोत नोकरीसाठी आलेले गृहस्थ. शहरात राहू लागल्यावर त्यांना मागे राहिलेल्या खेड्याची किंमत कळली आणि त्यातून १९९६ साली ‘हार्वेस्ट मून’ हा खेळ आला. तोवरचे बहुतेक गाजलेले खेळ मारामारीचे, शर्यतीचे किंवा उड्या मारण्याचे होते. या खेळात शत्रू नव्हता. पडीक जमीन साफ करायची, पेरायचे, पाणी घालायचे, जनावरे सांभाळायची, गावातल्या माणसांशी बोलायचे, आणि रात्री झोपायचे. २००९ साली फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आले. वर्षभरात महिन्याला आठ कोटींहून अधिक माणसे त्यात नांगरट करू लागली. २०२० च्या ३१ डिसेंबरला ते बंद झाले. त्याआधीच, २०१६ च्या फेब्रुवारीत, एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ प्रसिद्ध झाला होता. चित्रे, संगीत, संवाद सगळे त्याचेच. या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती आजवर खपल्या आहेत.

‘स्टारड्यू व्हॅली’ची सुरुवात कचेरीत होते. एका बड्या कंपनीत मान खाली घालून काम करणारा नोकरदार आजोबांनी मृत्यूपूर्वी दिलेले बंद पाकीट उघडतो. त्यात जमिनीचा कागद असतो. तो नोकरी सोडून गावी जातो. शेत धोंडे, झुडपे आणि तणाने भरलेले. जवळ ५०० नाणी, जुनी अवजारे, आणि गावच्या प्रमुखाने भेट दिलेले पार्सनिपचे पंधरा बी. पार्सनिप म्हणजे गाजरासारखा पांढरा कंद. रोज पाणी घातले तर चौथ्या दिवशी तो काढणीला येतो. बियाणे दुकानात वीस नाण्यांना, साधा कंद विकला जातो पस्तीसला. माल घरासमोरच्या पेटीत टाकायचा. सकाळी उठावे तो पैसे जमा.

मागच्या पावसाळ्यात भाच्याच्या संगणकावर महिनाभर मी ही शेती केली. पंधरा कंदांचे ५२५ झाले. पुढच्या वेळी तीस बी पेरले. पाऊस पडला की त्या दिवशी पाणी घालावे लागत नाही. पावसाचा एवढाच अर्थ. ऋतू अठ्ठावीस दिवसांचा, वर्ष चार ऋतूंचे. ऋतू बदलला की उभे पीक वाळते, पण तो कधी बदलणार हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आधीच लिहिलेले असते. कावळे दाणे टिपतात, म्हणून बुजगावणे लावायचे. ते लावले की कावळे येत नाहीत. महिन्याअखेर माझ्या ध्यानात आले की मला धरून ठेवणारी गोष्ट हिरवळ नव्हती. आज केलेले काम उद्या त्याच मापाने परत येते, ही ती गोष्ट होती.

शेतीचा खेळ पुणेकरांना नवा नाही. तुळशीबाग पिढ्यान्‌पिढ्या भातुकलीसाठी प्रसिद्ध आहे. पितळी चूल, जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, सूप, परात. नीट पाहिले तर भातुकली हा शेतीच्या उत्तरार्धाचा खेळ आहे: दाणा घरात आल्यानंतरचा, दळण्याकांडण्याचा, आणि तो मुलींच्या वाट्याला आलेला. पूर्वार्ध मुलांकडे. दिवाळीत किल्ला झाला की त्याच्या उतारावर आणि पायथ्याशी अळीव किंवा मोहरी पेरायची, सकाळसंध्याकाळ पाणी शिंपडायचे, आणि तीनचार दिवसांत हिरवा कोंब वर आला की मातीचा शेतकरी आणि बैलजोडी तिथे उभी करायची. पार्सनिपचे चार दिवस आणि अळिवाचे चार दिवस यांचा मेळ योगायोगाचा असेल, पण मुलाच्या धीराची मर्यादा दोन्हीकडे सारखीच ओळखलेली दिसते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो; मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांनी सुरू केल्याचे परंपरा सांगते. घटस्थापनेच्या मातीत नऊ दिवस वाढणारे धान तर खेळ आणि विधी यांच्या सीमेवरचे. रुजवण कशी झाली त्यावरून हंगामाचा अंदाज बांधणारी माणसे आजही आहेत.

या सगळ्या खेळांत एक गोष्ट समान आहे. त्यांत सारा भरायचा नसतो.

पुण्याच्या इतिहासाची सुरुवातही नांगरानेच होते, आणि ती दोनदा होते. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, गाढवाचा नांगर फिरवला आणि लोखंडी पहार ठोकून ही जागा वसतीला अयोग्य ठरवली, अशी हकीकत शकावलीत येते. त्यानंतर काही वर्षांनी जिजाऊ आणि बाल शिवाजी इथे आले, आणि त्याच जमिनीवर सोन्याचा नांगर फिरवला गेला, ही परंपरा कसब्यातल्या लाल महालाशी जोडलेली आहे. सोन्याच्या फाळाने जमीन नांगरली जात नाही हे कोणत्याही कुणब्याला कळते. तो नांगर पिकासाठी नव्हता. गाव सोडून गेलेल्यांना परत या म्हणून सांगणारी ती खूण होती.

पण नुसत्या खुणेवर कोणी परत येत नाही. त्यामागे कागद लागतो. मराठी मुलखात त्या कागदाला कौल म्हणत. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला इस्ताव्याचा कौल मिळे: पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरवर्षी थोडा थोडा चढता, आणि ठरल्या मुदतीनंतर पुरा. १६९७ च्या सुमारास कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. त्यात नव्या रयतेला गुरेढोरे, बियाण्याला दाणा आणि पैका द्यावा, आणि तो पुढे काही वर्षांत ऐपत पाहून वसूल करावा, अशी रीत नोंदली आहे. पंधरा बी देऊन सुरुवात करून देणारा खेळातला गावप्रमुख आणि बखरीतली ही रीत यांत तीन शतके व दोन खंडांचे अंतर आहे. दोघांना माणसाबद्दल कळलेली गोष्ट मात्र एकच: ओसाड जमिनीवर माणूस तेव्हाच उतरतो, जेव्हा पहिल्या वर्षाचा धोका दुसरे कोणी उचलते आणि पुढच्या वर्षांचे आकडे आधी सांगितलेले असतात.

बुधवार पेठेत या आशेची एक देशी कथाही आहे. मोगली अमदानीत मुहियाबाद म्हणून ओळखला जाणारा हा भाग पेशवाईत बुधवार झाला. आजची तुळशीबाग तेव्हा सरदार खाजगीवाल्यांची बाग होती. नारो आप्पाजी खिरे हे साताऱ्याकडून आलेले. खाजगीवाल्यांकडे लागले तेव्हा पूजेसाठी बागेतून तुळस-फुले आणण्याचे काम त्यांच्याकडे होते, असे सांगतात. पुढे ते पुण्याचे सुभेदार झाले आणि १७६१ च्या सुमारास त्याच जागेवर त्यांनी राममंदिराचे काम सुरू केले. बागेत काम करणारा पोर बागेचाच धनी होतो, हे कथानक ज्याला आवडत नाही असा माणूस मला भेटलेला नाही. खेळाचे कथानक तेच आहे. मात्र नारो आप्पाजी वर चढले ते कारभाराच्या आणि हिशेबाच्या बळावर, पीक काढून नव्हे, हेही त्यात विसरू नये.

इंग्रजी अमदानीत शेत प्रथमच पूर्णपणे आकड्यांत उतरले. १८२७ नंतर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे प्रांताची मोजणी हाती घेतली. रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धान्त त्याच्या डोक्यात होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकते, मशागतीला किती खर्च येतो, वजा जाता किती उरते, हे कागदावर मांडायचे आणि उरलेल्याच्या ५५ टक्के सारा ठरवायचा. आजच्या भाषेत हे शेतीचे ‘सिम्युलेशन’च होते. खऱ्या शेताची आकड्यांतली प्रतिकृती करून तिच्यावरून पुढचे अनुमान काढण्याचा तो उद्योग. कागदावर सगळे जुळले. पण उत्पन्न फुगवून धरले गेले, मोजणीत लाचलुचपत झाली, धान्याचे भाव उतरले आणि पावसाने दगा दिला. शेतकरी जमिनी सोडून निघून गेले. इंदापूर तालुक्यात पडीक जमीन इतकी वाढली की सरकारला ही रचना मोडावी लागली. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नवी जमाबंदी केली: जमिनीची प्रत पाहून रोख सारा, तीस वर्षांसाठी कायम.

ही तीस वर्षे १८६६ च्या आसपास संपली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले होते. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळला. आणि नेमक्या त्याच वेळी फेरपाहणीत सारा भरमसाट वाढला. शेतकऱ्याच्या हिशेबाच्या तिन्ही बाजू एकदम हलल्या: भाव, सारा आणि व्याज. एकाही बाजूवर त्याचा ताबा नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. तिथून दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा रोख ध्यानात घेण्यासारखा आहे. माणसे मारण्यापेक्षा खतपत्रे हस्तगत करून जाळण्यावर त्यांचा भर होता. ज्या कागदावरचा आकडा आपल्याला वाचता येत नाही आणि जो दरवर्षी आपल्या पाठीमागे वाढतो, तो कागदच त्यांना नाहीसा करायचा होता. चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याच १८७९ च्या मे महिन्यात बुधवार पेठेतला बुधवार वाडा आगीत भस्मसात झाला.

कागद वाचता न येणे हे या दुःखाचे मूळ आहे, हे ज्याने सर्वांत स्पष्टपणे सांगितले त्या माणसाचे कामही या पेठेत सुरू झाले. अप्पा बळवंत चौकातून दगडूशेठ गणपतीकडे येताना भिडे वाड्याची जागा लागते. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. जीर्ण वाडा २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे स्मारक ठरले आहे. जोतीरावांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चे. सारा, सावकार, कोर्टकचेरी आणि कारकुनी यांच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबाचे चित्र त्यात आहे, म्हणून ते पुस्तक आपण आठवतो. पण त्याच्या शेवटाकडे उपाय आहेत आणि ते कमी वाचले जातात. पावसाचे पाणी जमिनीत मुरावे म्हणून बांधबंधारे घाला, तळी-तलाव दुरुस्त करा, जनावरांची निपज सुधारा, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा, दरवर्षी शेतमालाची प्रदर्शने भरवा, औत हाकण्याच्या परीक्षा घेऊन पहिल्या येणाऱ्यांना बक्षिसे द्या.

हे शेवटचे कलम वाचताना मी थबकलो, कारण खेळातल्या गावात शरद ऋतूच्या सोळाव्या दिवशी जत्रा भरते. प्रत्येक शेतकरी आपल्या शेतातल्या नऊ वस्तू टेबलावर मांडतो, गावप्रमुख त्या पाहतो, गुण देतो, बक्षीस मिळते. जोतीरावांनी सरकारकडे मागितलेले आणि खेळात मिळणारे एकच आहे: चांगल्या शेतकऱ्याचे कसब चारचौघांत ओळखले जावे. खेळात पाणीही हाताशी असते, अवजार सुधारून मिळते, आणि शिकणाऱ्याला कोणी अडवत नाही. जातही कोणी विचारत नाही. ‘असूड’मधल्या मागण्या ज्या गावात मान्य झाल्या आहेत, असे गाव पाहायचे असेल तर ते आज पडद्यावर सापडते. सावकार तर त्या गावात नाहीच. कर्ज घ्यायची सोयच खेळात ठेवलेली नाही.

तुळशीबागेतून दोन मिनिटांत मंडईत पोचता येते. तिला जोतीरावांचेच नाव आहे. तिथे टोमॅटोचा सकाळचा भाव दुपारी राहत नाही. लातूरकडचा एक विद्यार्थी दोन वर्षे परीक्षेचा अभ्यास करतो आहे. रात्री अर्धा तास फोनवर ही शेती करतो. घरी सहा एकर, सोयाबीन. मी त्याला विचारले, खरे शेत सोडून हे कशाला? तो म्हणाला, “काका, आमच्याकडं माल आडतीला घातला की पट्टी हातात येते तवाच कळतं किती मिळालं. हमाली, तोलाई वजा होऊन. हितं पेरायच्या आधी कळतं.” घरी गेला की तो शेतात राबतो, त्यामुळे कष्टाला तो भ्यायलेला नाही. खेळातही तो कष्टच करतो: रोज पाणी, रोज खुरपणी. उत्तर आधी माहीत असलेले कष्ट त्याला हवे आहेत. परीक्षेच्या नोकरीतही तो तेच शोधतो आहे. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम. त्याच्या दोन्ही धडपडींना मी आता वेगवेगळे समजत नाही.

म्हणूनच ‘शहरी मुलांचे रम्य स्वप्न’ म्हणून या खेळाला हसणे मला जमत नाही. शेतीचे सोंग करणाऱ्या शहरातल्या बागा पूर्वीही होत्या. त्यांच्या मालकांना घाम न गाळता फुले हवी होती. या खेळातला माणूस घाम गाळायला तयार आहे. त्याला फक्त मोबदल्याची खात्री हवी आहे. इस्ताव्याच्या कौलात ती काही काळ होती. प्रिंगलच्या कोष्टकात ती नावालाही उरली नाही. सुप्याच्या बाजारात ती मागताना कागद जळाले, आणि ‘असूड’च्या शेवटच्या पानांत ती कलमवार लिहून ठेवली गेली.

खेळाची टीकाही इथूनच व्हायला हवी. त्यात भाव पडत नाही, म्हणून भाव का पडतो हा प्रश्नही पडत नाही. अवकाळी नाही, म्हणून पीकविमा नाही. शेजारच्याची विहीर आटत नाही, म्हणून पाण्याची वाटणी नाही. वादा किंवा बॅरोन यांनी हे वगळले यात त्यांचा दोष नाही. खेळ रचणाऱ्याला काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवावेच लागते. प्रिंगलनेही ठरवले होते. फरक इतकाच, की प्रिंगलने गाळलेल्या गोष्टींची किंमत इंदापूरच्या कुणब्याने मोजली. इथे फार तर एखाद्याची झोप अर्धा तास मोडते.

‘स्टारड्यू व्हॅली’त जादूगार आहे, रानात राहणारे चिमुकले फळरूपी जीव आहेत, खाणीत राक्षस आहेत. माझ्या भाच्याला ते सगळे अद्भुत वाटते. मला त्या गावातली सर्वांत अद्भुत वस्तू घरासमोरची लाकडी पेटी वाटते. संध्याकाळी तिच्यात माल टाकावा, काय भाव मिळेल हे टाकतानाच ठाऊक असावे, आणि सकाळी तेवढेच पैसे हातात पडावेत. अशी पेटी या मुलखात चारशे वर्षे मागितली जात आहे.